समितीतलं रिकामं नाव

१२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर रडू येतं, म्हणून पत्र. आमचा एचआयव्हीच्या संशोधनाच्या निधीचा अर्ज प्रतिष्ठानाने पुन्हा परत पाठवला. गोळ्या घेऊनही विषाणू शरीरात कुठे दडून बसतो, हा आमचा प्रश्न त्यांना पटलाय म्हणे. पण सल्लागार समितीत हा आजार स्वतः सोसणारं कुणीच नाही, आणि तसं माणूस उघड नावानिशी हवं. महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर प्रयोगशाळेला कुलूप. ज्यांना विचारलं ते हात जोडतात. त्यांचं तरी काय चुकलं? अर्ज लिहून लिहून डोकं पिकलंय रे, संशोधन करायचं कधी? वहिनीला नमस्कार. गोळ्या वेळेवर घे.

तुझी दमलेली,
ठमी

१७ मार्च

चि. ठमाबाईंस,
अनेक आशीर्वाद.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! माझ्या अंगात हा पाहुणा इतकी वर्षं बिऱ्हाड करून बसलाय, आणि तू माणूस शोधत वणवण फिरतेस? घाल माझं नाव. तुझी वहिनी म्हणते, लपवून लपवून तीही थकली. अडलंय ते लेकीपाशी. माझ्या गोळ्या तिला अजून रक्तदाबाच्याच वाटतात. आधी तिला सांगतो, मग सही.

लोभ आहेच, वाढला तर बरंच.
दादा

२१ मार्च

ती. दादास,
सा. न.

नाव मी मागितलं नव्हतं, मागणारही नव्हते. प्रत्येक अर्ज लिहिताना तूच डोळ्यांपुढे असायचास, म्हणूनच तोंड शिवून घेतलं. मला दुसरी नोकरी मिळेल. पोरगी बिथरली तर? माझ्या कामापायी घर पणाला लावू नकोस, तुला माझी शपथ.

ठमी

२६ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

शपथ मोडली. संमतीपत्र सोबत आहे, अर्ज वेळेत टाक.

लेकीच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा तिला सांगितलं. काचा पुसत राहिली, पुसलेल्याच पुन्हा. म्हटलं, गेली पोर हातची. मग विचारते, आत्याला सांगितलंत, मला का नाही? काय सांगणार, कप्पाळ! भीती वाटली, एवढंच म्हणालो आणि चहा अर्धा टाकून उठलो.

माझा कप मी कुणाला हात लावू देत नाही, विसळतोही मीच. उष्ट्याने हे होत नाही म्हणून तू किती डाफरलीस, तरी मन धजत नव्हतं. वळून बघतो तर तिने तोच कप तोंडाला लावलेला. गार झालाय म्हणाली, आणि संपवला.

फार दमलोय गं. लोभ असू दे.

दादा