भावंडांची सोन्याची घड्याळे

दि. ३ फेब्रुवारी

ती. मामास, शि. सा. न. वि. वि.

आईला जाऊन तीन महिने झाले. काल धीर करून तिचे कपाट आवरले. आजोबांनी तुम्हा दोघांना एकाच दिवशी घेऊन दिलेल्या सारख्याच सोन्याच्या घड्याळांपैकी तिचे घड्याळ हमीपत्रासह मिळाले. अगदी मळले आहे. सराफ म्हणाला की, घासून आरसा करून देतो, तबकडीही नवी रंगवतो. शनिवारी त्याच्याकडे टाकीन म्हणते.

तुमचे घड्याळ जुन्या घड्याळांच्या प्रदर्शनाच्या ‘जसेच्या तसे’ विभागात निवडले गेल्याचे मामीने कळवले. अभिनंदन! मात्र जपा. गेल्या वर्षी नुसती चावी बदललेली म्हणून वकीलकाकांचे घड्याळ तुम्हीच त्या विभागातून बाहेर काढले होते. यंदा ते भिंग घेऊनच येतील.

मामीला नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

तुमची बारकी

दि. ७ फेब्रुवारी

चि. बारकीस, अ. उ. आ.

सराफाच्या दुकानाची पायरीही चढू नकोस! सोने मऊ असते. प्रत्येक घासणीत कडांचा एक पापुद्रा जातो, मग कोरलेले ठसे पुसट होतात, आणि पाहता पाहता घड्याळाचा साबणाचा तुकडा होतो. तबकडीवरचा तांबूसपणा म्हणजे मळ नव्हे, ते तिचे वय आहे. तो पुसायचा नसतो.

आता शिस्तीने एक काम कर. मागचे झाकण उघड. एक क्रमांक झाकणाच्या आत असेल, दुसरा मशीनवर. दोन्ही हमीपत्राशी ताडून पाहा. जुळले, तर घड्याळ कारखान्यातून निघाले तसेच आहे. बाहेरून आलेली माझी एकोणचाळीस घड्याळे याच चाळणीतून गेली आहेत. दिवसभर कृत्रिम दात घडवणाऱ्या तुझ्या हातांना हे अवघड नाही.

वकिलाला येऊ दे भिंग घेऊन. माझ्या घड्याळातले काहीही बदललेले नाही, असे मी सहीनिशी लिहून दिले आहे.

मामाचा लोभ गृहीत धरावा.

दि. १२ फेब्रुवारी

ती. मामास, शि. सा. न. वि. वि.

जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेतल्या भिंगाखाली उघडले. आमचे साहेब म्हणाले, ही कवळी कुणाची? झाकणाच्या आतला, म्हणजे डबीचा, क्रमांक हमीपत्राप्रमाणे १७ वर संपतो. मशीनचा मात्र हमीपत्रात ६२, आणि प्रत्यक्षात ६३. तीनदा पाहिले. कारखान्यातच चूक झाली असेल का? तुमच्या घड्याळाचे क्रमांक काय आहेत?

उत्तर लवकर यावे, रागावून आले तरी चालेल.

तुमची बारकी

दि. १६ फेब्रुवारी

चि. बारकीस, अ. उ. आ.

कारखाना चुकला नाही. ६३ हा माझ्या हमीपत्रातला क्रमांक आहे, आणि माझ्या डबीत ६२ बसला आहे.

एकोणीस वर्षांचा असताना आत काय आहे ते पाहावे म्हणून मी दोन्ही घड्याळे एकाच टेबलावर, एकाच रुमालावर उघडून मशिने बाहेर काढली होती; परत बसवताना अदलाबदल झाली असणार. ताईने विचारले तेव्हा नुसती धूळ फुंकल्याचे सांगितले. पुढे लोकांची घड्याळे तपासण्यात जन्म गेला. स्वतःचे तपासले नाही. घरच्याचे काय तपासायचे, ही माझी घमेंड!

तू तुझे घड्याळ घेऊन आलीस, तर अर्ध्या तासात मशिने आपापल्या जागी जातील आणि माझी सही खरी ठरेल. कुणाला कळणारही नाही. यावेस असे वाटते.

मामा

दि. २० फेब्रुवारी

ती. मामास, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून एक जुनी गोष्ट लख्ख आठवली. मी आठेक वर्षांची असताना आईबरोबर घड्याळजीकडे गेले होते. त्याने झाकण उघडून हमीपत्र पाहिले आणि बाई, ह्यात मशीन दुसरेच आहे, असे सांगितले. आई हसत सुटली. म्हणाली, ते माझ्या भावाचे आहे, वेळ बरोबर दाखवते, लावा झाकण. तेव्हा मला काहीच उमगले नव्हते.

तुम्ही म्हणत असाल, तर रविवारी घेऊन येते. पण तुमच्या जागी वकीलकाका असते, तर तुम्ही काय म्हणाला असता, तेवढे आधी कळवा.

आगाऊपणा पोटात घालावा, मनात धरू नये.

तुमची बारकी

दि. २४ फेब्रुवारी

चि. बारकीस, अ. उ. आ.

काय म्हणालो असतो ते तुला ठाऊक आहे, म्हणून तर विचारलेस. अगदी आईवर गेली आहेस!

‘जसेच्या तसे’मधून माझे नाव काल स्वतः जाऊन मागे घेतले. मग वकिलाच्या घरी गेलो आणि सारे सांगितले. त्याने दहा मिनिटे मनसोक्त हसून घेतले आणि चहा दिला. साखर मात्र विसरला, की मुद्दाम घातली नाही, ते कळले नाही.

आता रविवारी घड्याळ जरूर आण, पण झाकण उघडायचे नाही. दोन्ही घड्याळे सर्वसाधारण विभागात शेजारी शेजारी ठेवीन. नंतर तुझे तुझ्या मनगटावर, आहे तसेच. खालच्या कार्डासाठी चार मसुदे केले. मामीने तीन फाडले. उरलेला असा:

‘बहीण व भाऊ यांची सोन्याची मनगटी घड्याळे. मशिने परस्परांत बदललेली. हा बदल भावाने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, नकळत केला. बहिणीला माहीत होते.’

तुझा मामा