मजीदच्या पाकात भेसळ?

३ फेब्रुवारी, सोमवार
उपाशीपोटी साखर १२६. मग घावण्यांवर मजीदचा खजुराचा पाक घेतला. दोन तासांनी मशीनवर २४३! नुसता खजूर एवढी चढवेल? यात काकवी आहे, नक्की.
मजीद माझा शाळासोबती. वीस वर्षं मस्कतला हॉटेलच्या भटारखान्यात होता, आता पूर्णगडला घरी पाक करून विकतो. ‘साखरेचा कण नाय यात. लोह हाय, ताकद हाय. च्यात घाल, खिरीत घाल, बिनघोर खा.’ बिनघोर! मला मधुमेह आहे, हे ठाऊक असून.

४ फेब्रुवारी
बाटली उजेडात धरून पाहिली. फार काळा. हिला चाखायला दिला. ‘खजूरच आहे हो. तुम्हाला सगळ्यांचाच संशय.’ ही भोळी.

५ फेब्रुवारी
केरूच्या दुकानात मजीदच्या बाटल्या मांडलेल्या. न राहवून बोललो — यात भेसळ आहे. चार गिऱ्हाइकं ऐकत होती. केरूने बाटल्या आत ठेवल्या. बोललो ते योग्यच. तरी जेवण गेलं नाही.

७ फेब्रुवारी
मजीदचा फोन. ‘अनिल, केरू बाटल्या परत ने म्हणतो. तू कायतरी बोललास?’ म्हटलं, काकवी घालतोस तू. तर म्हणतो, ‘तूच करून बघ एकदा.’
चिडला नाही. चोर चिडतात की ‘करून बघ’ म्हणतात?

९ फेब्रुवारी, रविवार
केलाच! अर्धा किलो खजूर, बिया काढून शिजवला, पंच्यातून गाळला, दाट होईस्तो आटवला. मजीदच्या पाकाहून काळा झाला. घावणे तेवढेच, पाकही तेवढाच — चार चमचे. दोन तासांनी २५१.
काकवी नाही, काही नाही. खजूरच मुळात तेवढा गोड. वरून साखर घातली नाही म्हणजे आत साखर नाही, असं धरून चाललो आणि चारचौघांत मित्राला चोर ठरवलं. लाज वाटते. आधी केरूला सांगून आलो. उद्या पूर्णगड.

१० फेब्रुवारी
माफी मागितली. ‘सोड रे,’ म्हणाला. पण खजुराने साखर चढते हे त्याला पटेना. मशीन नेलंच होतं. त्याने हसत बोट पुढे केलं. ‘माजी बघ. मी रोज वाटीभर खातो, मला कदी काय झाला नाय.’
४१२.
‘तुज्या मशीनमदी भेसळ हाय,’ म्हणाला.
बोटाला पाक लागला असेल म्हणून साबणाने हात धुवायला लावले. दुसऱ्या बोटाला टोचलं.
४०९.