हाताला लागलेलं शील

आबा, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, आणि मंगळवारी चाकणच्या कारखान्यात, सकाळच्या चहाच्या सुट्टीत, मला तुमचा आवाज ऐकू आला. बोलण्याचा नव्हे. ग्राइंडरचं चाक मशीनवर चढवण्याआधी तुम्ही ते बोटावर टांगून स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं ठोकायचात, तो. चाक धड असलं तर टण्ण, आत तडा असला तर थप. तडकलेलं चाक फिरताना फुटलं की समोरच्या माणसाचं काय होतं, ते तुम्ही एकदा पाहिलं होतं आणि त्यावर कधी बोलला नाहीत.

आठवीत मला 'शील' या शब्दावर निबंध होता. शाळेत तो शब्द फक्त मुलींनाच ऐकवला जायचा, म्हणून मी आधीच चिडलेली. रहाटणीच्या घरात तुम्ही ओट्यापाशी भाकरीची वाट बघत बसला आहात, हातांना तेलाचा वास आहे, आणि मी वाचून दाखवते आहे: मूळ संस्कृत धातूचा अर्थ पुन्हा पुन्हा करणं, सराव करणं. परिशीलन त्यातलंच. सहनशील म्हणजे सहन करायची सवय पडलेला. चांगुलपणाचा अर्थ त्यावर नंतर चढला. तुम्ही एकदम खूश. "मंग बराबर हाय की! कुनी बगत नसताना हात जे करतो, ते शील. बाकी तोंडानं काय, कुनीबी बोलतंय." रविवारी मला तुमच्या कामाच्या शेडवर नेऊन तासभर चाकं ठोकायला लावलीत. एकदा मी न ठोकताच "झालं" म्हटलं. तुम्ही ओरडला नाहीत, स्क्रूड्रायव्हर काढून घेतलात आणि उरलेली चाकं स्वतः ठोकलीत. ते मला फार लागलं होतं.

मंगळवारी ऑर्डर तुंबली होती. चाकांची तपासणी माझ्याकडे. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, नवाच लॉट आहे, सही करून टाका ना." मी केली. चार चाकं, चारही 'ठीक', एकही न ठोकता. मग सगळे चहाला गेले, मशीन थांबली, मी खुर्चीत फोन बघत बसले. टण्ण. मान वर केली, कोणी नाही. टण्ण. टण्ण. आणि मग, आबा, थप. उठून पळावं म्हणून खाली बघते तर मी खुर्चीत नव्हतेच. खुंटीवरच्या चौथ्या चाकासमोर उभी होते, हातात स्क्रूड्रायव्हर. कधी उठले, तो कधी उचलला, काही आठवत नाही. अंगठा मुठीवर आडवा होता, तुम्ही धरायचात तसा. मी तसा कधीच धरत नाही. तुमची भीती नाही वाटली. हाताची वाटली.

ते चाक ज्या मशीनवर चढणार होतं, तिथं उभी राहणार होती परभणीकडची एक बाई, दोन लेकरांची आई. तडा दाखवल्यावर तिनं माझा तोच हात कपाळाला लावला. "तुमी ठोकून बगितलं म्हनून वाचले बगा, मॅडम." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी त्या घेतल्या.

हे तुम्हाला पाठवायचं तरी कुठे? तुमच्या हत्यारांच्या पेटीत ठेवते आहे. एकच सांगायचं राहिलं. चारही चाकं 'ठीक' म्हणणारा तो कागद मी गुपचूप फाडला आणि नवा भरला. तो फाडताना हात माझाच होता, तेवढं मला नक्की आठवतं.