काठाचं पाणी

माय, तुला जाऊन आता अकरा वर्षं झाली. तुला वाचता येत नव्हतं. घरी आलेला प्रत्येक कागद मीच तुला वाचून दाखवायचे, त्यामुळे हे पत्र कुणासाठी लिहितेय ते माझं मलाच ठाऊक नाही. हे पाठवायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही. पण परवापासून डोक्यात तूच आहेस. मुरुडच्या बाजारात राखेचा डबा आणि विळी मांडून बसलेली, पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत खवल्यांनी भरलेले. मी नांदेडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले तेव्हा तू गिऱ्हाइकांना सांगायचीस, "माझी पोरगी मासे शिकविती, मी मासे कापते. धंदा एकच हाय." गिऱ्हाईक हसायचं, आणि तू त्या खुशीत वर एखादा झिंगा जास्त टाकायचीस.

तेव्हाच एका पौषात आपल्या गावच्या मच्छीमार सोसायटीला तळ्यात चिलापीचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, सोडायचं होतं. परदेशातून आलेला मासा, कसल्याही पाण्यात जगतो, पटकन वाढतो. भीती एवढीच होती की तो बेसुमार पिल्लं घालतो आणि मग तळ्यातल्या मरळीला, झिंग्यांना जागा उरत नाही. चेअरमन काकांनी मला सुट्टीत मुद्दाम बोलावून घेतलं. गावची लेक शिकलेली, तिलाच विचारू, असं त्यांचं म्हणणं. मीही हुरळले. भल्या सकाळी शाल गुंडाळून बांधावर गेले, सांडव्यापाशी खोल पाण्यात दोरीनं थर्मामीटर सोडलं आणि आकडा वहीत लिहिला. पाणी इतकं गार झालं की हा मासा अंडी घालायचं थांबवतो, असं पुस्तकात होतं. बैठकीत मी तेच सांगितलं: आपलं तळं खोल आहे, थंडीत वीण थांबेल, मासा आटोक्यात राहील, खुशाल सोडा.

तू मागे बायकांत बसली होतीस. तिथूनच विचारलंस, "पाणी कुठं मोजलंस बाई?"

"सांडव्यापाशी."

"तिथं तर लई गार ऱ्हातंय. मासे दुपारचे तिथं थांबतच न्हाईत. धुण्याच्या दगडापाशी येतेत, उन्हाला. काठाचं पाणी मोज की."

कुणीतरी म्हणालं, "मावशे, आता प्रोफेसरला तू शिकवून राहिलीस का?" खोलीभर हशा झाला. त्यात माझाही आवाज होता. तू पदर सावरलास, आणि ठराव झाला.

बीज यायला अजून आठवडा होता. मधल्या बाजाराच्या दिवशी तू संध्याकाळी घरी आलीस ती जर्मनचं पातेलं दोन्ही हातांनी धरून, पाणी सांडू न देता. शेजारच्या गावच्या तलावात चिलापी आधीच होती, तिथला माल तू विकायला आणायचीस. पातेल्यात एक मादी होती, जिवंत. तू मला चुलीच्या उजेडात बसवलंस आणि अंगठ्यानं हळूच तिचं तोंड उघडलंस. आत पिवळी अंडी गच्च भरलेली, ज्वारीच्या कण्यांएवढी. ही मासोळी अंडी तोंडात धरून उबवते, हे मी वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवत होते. प्रत्यक्षात पाहत होते पहिल्यांदाच.

"बघ," तू म्हणालीस. "ऐन थंडीत. ही एकलीच न्हाई, चार दिसांत सहा घावल्या मला. आन् पिल्लंबी जगतेत, काठाला नुस्ती वळवळ असती. थांबीव बाई त्यास्नी. तुझं ऐकतेत ते."

थांबवता आलं असतं, माय. चेअरमन काकांचं घर चार पावलांवर होतं. पण मी भर बैठकीत बोलून बसले होते, आणि माझं बोलणं मासे कापणाऱ्या माझ्याच आईनं खोटं पाडलं, असं गावात झालं असतं. मी म्हणाले, "एखाददुसरीचं असतं तसं. तू कापायचं काम कर, बाकीचं आम्हाला बघू दे." तू मासोळीला परत पातेल्यातल्या पाण्यात सोडलंस. मी म्हटलं, निदान हिचं कालवण तरी कर. तर म्हणालीस, "लेकुरवाळी हाय. कापत न्हाई." सकाळी उठून तू ती मासोळी ज्या भोयाकडून आणली होतीस त्याच्या हाती परत दिलीस आणि त्याच्या तलावात सोडायला सांगितलंस. आपल्या तळ्यात मात्र टाकली नाहीस.

पुढचं तुला माहीतच आहे. तीन वर्षांत जाळ्यात फक्त चिलापी यायला लागली, तीही तळहाताएवढी, काट्यांनी भरलेली. गर्दीत मासा खुरटतो. मरळ दिसेनाशी झाली. बाळंतिणीसाठी मरळ मागायला आलेल्या माणसांना तू हात हलवून परत पाठवायचीस. एका नाताळच्या सुट्टीत मी तुझ्याशेजारी पोत्यावर बसले होते, तेव्हा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ह्या तळ्याला काय रोग आला गं? कुणी केलं हे?" मी पोत्याचा सुटलेला दोरा ओढत राहिले. तू विळीवरची नजरही न काढता म्हणालीस, "पाऊसच न्हाई राहिला बाबा पहिल्यासारखा." त्या वर्षी तळं सांडव्यावरून वाहत होतं. म्हाताऱ्यानं तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पिशवी पुढे केली. घरी येताना मी तुला काही बोलेन असं मला वाटत होतं. तू वाटेत हरभऱ्याचे घाटे तोडून माझ्या ओंजळीत दिलेस आणि नांदेडच्या घराला पाणी येतं का नीट, ते विचारत राहिलीस. तू एकदा तरी रागावायला हवं होतंस गं. मला बरं वाटलं असतं.

परवा अर्धापूरकडच्या एका सोसायटीनं मला बोलावलं होतं. केळीच्या बागांमधलं जुनं तळं, थंडीचे दिवस, प्रश्न तोच. मी सकाळी खोल पाणी मोजलं, मग दुपारपर्यंत थांबले आणि चपला काढून बायका धुणं धुतात तिथे गुडघाभर पाण्यात उतरले. काळा दगड तापला होता आणि काठाचं पाणी चांगलं कोमट लागत होतं. दोन्ही आकडे मी लोकांपुढे ठेवले. म्हटलं, ही मासोळी थंडीतही अंडी घालील, काठाला पिल्लं जगतील, बीज सोडू नका. त्यांनी ऐकलं. ठराव रद्द झाला. माय, एक तळं वाचलं असं मला वाटतं, आणि ते तुझ्यामुळं.

निघताना चहा झाला. मासे विकणारी एक बाई दाराशी बसली होती, तुझ्याच वयाची, हाताला तसाच वास. तिनं विचारलं, "बाई, ते काठाला मोजायचं तुम्हाला कुणी शिकिवलं वो? आम्ही बोललो तर कुणी ऐकत न्हाई."

सगळे माझ्याकडे बघत होते. चेअरमन होते, सरपंच होते, माझे दोन विद्यार्थी होते. मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "अभ्यासात असतं ते."