वरच्या खिडकीतून आलेली वायर

मी, खाली सही करणारी, न्यायालयातून निवृत्त झालेली टंकलेखिका, हे मृत्युपत्र स्वतः टंकून लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. दडपण कोणाचेही नाही. मुलाने आणून पाहिले होते. मागचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते त्याच्या सोयीने केले होते.

१. मुलगा संगणकाच्या कंपनीत मोठा साहेब आहे. स्वतःचा जुना लॅपटॉप त्याने मला वाढदिवसाला भेट दिला. तो सुरू होईपर्यंत भाजी शिजून व्हायची. तक्रार केली तर म्हणाला, "आई, भंगारात दे." भेटीची किंमत त्यानेच सांगितली. बँकेतल्या ठेवी मात्र त्यालाच द्याव्यात. मी एवढी खडूस नाही. बांगड्या सुनेला. तिने आजवर मला एकही सल्ला दिलेला नाही.

२. दुरुस्तीवाल्याने लिनक्स नावाची मोफत प्रणाली पेन ड्राइव्हवर भरून दिली. लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हकडे ढुंकूनही पाहीना. सुरू होताना एक कळ दाबून त्याच्या सेटिंगमध्ये शिरले आणि आधी पेन ड्राइव्ह वाच म्हणून त्याला बजावले. मग पडदा काळाठिक्कर. मुलाला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता. बहुधा अजून आहे. दुरुस्तीवाल्याने फोनवर एक शब्द लिहायला सांगितला आणि पडदा उजळला. प्रणाली बसली, पण वायफाय तिला दिसेना. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारा प्रोग्राम, इंटरनेटच्या वायरनेच उतरवून घ्यावा लागणार होता.

३. इंटरनेटचा डबा वर, धाकट्या जावेकडे. माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर तिने सतरंजी झटकली, तेव्हापासून आमचा अबोला. वायफाय तेवढे खाली झिरपत असे. नाइलाजाने अंगणातून हाक मारली.

"ऐकतेस का? वायर हवी आहे."

खिडकी उघडली. "सतरंजीचं काही नाही ना, वहिनी?"

"आज नाही."

वायर खाली आली. पाठोपाठ तीही आली, चष्मा पुसत. ड्रायव्हर उतरण्याची पट्टी मध्येच अडकली.

"दादा असते तर एव्हाना लॅपटॉप आपटला असता," ती म्हणाली.

दादा म्हणजे माझे यजमान. ते गेल्यापासून त्यांच्याविषयी इतके खरे कोणी बोलले नव्हते. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. पट्टी कधी पुढे सरकली, कळलेही नाही.

४. दोन्ही मजले माझ्या नावावर आहेत. मुलाला घर बिल्डरला द्यायचे आहे. "काकूची कुठेतरी सोय होईल," म्हणाला. या 'कुठेतरी'चा पत्ता त्याला देता आला नाही. म्हणून सबंध घर मी माझ्या धाकट्या जावेला देते. लॅपटॉपही तिलाच, पासवर्ड तिनेच ठेवला आहे आणि मला सांगत नाही.

५. तिला साक्षीदार म्हणून सही करायची होती. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, हे मी समजावले.

"मग घर नको मला," ती म्हणाली. "तुम्ही हे राजीखुशीने लिहिलंत, हे माझ्याइतकं कोणी पाहिलंय? डॉक्टर तर आत्ता आले!"

पुष्कळ समजूत घातल्यावर घर घ्यायला ती कशीबशी तयार झाली.

ठिकाण : तळमजला, जेवणाचे टेबल
दिनांक : ९ फेब्रुवारी

लिहून ठेवणार : (सही) थोरली जाऊ
साक्षीदार : (सही) आमचे डॉक्टर
साक्षीदार : (सही) दुरुस्तीवाला
सही नाही, पण हजर : धाकटी जाऊ