नववे राज्य माझ्या खाटेवर

मी, डोर्कस हॅलिडे, वय बासष्ट, राहणार अ‍ॅनापोलिस, मेरीलँड, दम्याने थकले असले तरी डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते.

राहते घर व खानावळ मुलगी प्रुडन्स हिला. जावयाने तिथे दारूचा गुत्ता काढू नये.

वरच्या खोलीतली अक्रोडाची खाट दीर सायलस यांना, कारण त्यांनी तिची थट्टा केली होती. हकिकत अशी. १७८४ च्या जानेवारीत तेरा राज्यांच्या प्रतिनिधींची काँग्रेस आमच्या गावी बसली होती. इंग्लंडशी झालेला तह मंजूर करायला तेरापैकी नऊ राज्ये हजर लागत. आली होती सातच आणि मुदत संपत आलेली. कोणाला जबरदस्तीने आणण्याचा अधिकार काँग्रेसला नव्हता. ती नुसती विनवणीची पत्रे लिही. माझा थोरला गिडियन लढाईत कामी आला होता. तह फिसकटला असता तर धाकट्या आयझॅकला लढाईवर जावे लागले असते.

मग आठवे राज्य आले. नवव्याचे प्रतिनिधी श्री. केटल माझ्याकडे उतरले होते आणि त्या खाटेवर तापाने फणफणत होते.

सायलसभावोजी खालून म्हणाले, "वहिनी, तुमचं सरकार उठलं का?"

मी वर गेले. "साहेब, चालवेल का?"

"पाय धरत नाहीत, बाई."

"आमचे धरतील."

घोंगडीत गुंडाळून, खुर्चीत बसवून, आयझॅकने आणि मी त्यांना बर्फातून सभागृहात नेले. भावोजी मुकाट्याने पुढे होऊन बर्फ उपसत होते, हेही इथे नोंदवते.

मी दाराशी थांबले. राज्यांची नावे पुकारली. केटल 'होय' म्हणाले ते कोणाला ऐकू गेले नाही. ते पुन्हा म्हणाले. नऊ झाली. ना शिपाई, ना धाक; वीसेक थकलेली माणसे, एक कागद, आणि समुद्रापलीकडच्या राजाशी आठ वर्षे चाललेली लढाई मिटली. मी चौकट धरून उभी राहिले.

आता नवे संविधान लिहिले आहे. त्यात सरकारला बळ आहे म्हणतात. असू दे. इतके दुबळे सरकार इतके मोठे काम करताना मी पाहिले, ते मात्र नातवंडांना सांगावे.

नदीकाठची जमीन व होडी आयझॅकला. त्याला चोविसावे वर्ष लागलेले मी पाहिले. गिडियन एकोणिसाचा होता.

हे मला वाचून दाखवले, बरोबर आहे.

सही: डोर्कस हॅलिडे
साक्षीदार: ओबेड रँकिन, सुतार; टॅबिथा क्रू, शेजारीण
अ‍ॅनापोलिस, ११ मार्च १७८८