अंगावरचं जाऊ दे

लासलगाव, ४ ऑगस्ट

चि. यशोदास,
लंकाताईचा सप्रेम जयभीम.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, तू ओरडतेस आणि शेजाऱ्यांना वाटतं भांडण चाललंय. म्हणून पत्रच बरं. राखीचे दिवस भरत आले ना? आजी व्हायला निघालीस, आता तरी केस रंगवणं सोड!

एक ध्यानात ठेव. बाळंतिणीच्या अंगावरून जाईल तेवढं जाऊ द्यावं. खराब रक्त असतं, कोंडलं की बाधतं. नर्सबाईंना सांगत बसू नकोस, त्या लगेच इंजेक्शन देऊन थांबवतात. मी डिंकाचे लाडू करून पाठवते.

सगळ्यांना जयभीम, तुला मुका.
तुझी ताई


एकलहरे, १९ ऑगस्ट

ति. लंकाताईस,
जयभीम.

राखीला मुलगी झाली आणि राखी जिवंत आहे. हे आधी लिहिते.

बाळंतपण नीट झालं. जावई पेढे आणायला गेले. राखीच्या अंगावरून जायला लागलं ते थांबेचना, आणि मी तुझं ऐकून खूश! पॅड बदलायचं, कागदात गुंडाळून बॅगेत लपवायचं. नर्सबाईंनी विचारलं, तर म्हटलं बेताचंच आहे. राखी म्हणाली थंडी वाजतेय, तर मी पंखा बंद केला. अगं, पंखा! मग ती बोलेनाशीच झाली, ओठ पांढरेफटक.

नर्सबाईंनी चादर उचलली आणि किंचाळल्याच. गादी भिजली होती. त्यांनी पोट दाबून चोळायला घेतलं, डॉक्टर धावत आल्या, इंजेक्शनं दिली, रक्त चढवलं. बाळ झाल्यावर गर्भपिशवी आकसायला हवी, ती ढिलीच राहिली होती. डॉक्टर म्हणाल्या, असं रक्त खराब नसतं, बाईचा जीव जात असतो.

ताई, तुझा इतका राग आलाय! कुणी शिकवलं तुला हे? लाडू पाठवू नकोस, उत्तर पाठव.

रागावलेली, तरी तुझीच,
यशोदा


लासलगाव, २३ ऑगस्ट

चि. यशोदास,
जयभीम. तू विचारलंस, कुणी शिकवलं.

धोंडाआत्याने शिकवलं, तू जन्मलीस तेव्हा. आईचं असंच जात होतं. आत्या म्हणाली, जाऊ दे, अंग मोकळं होतंय. मी लहान, फडकी धुवायला माझ्याकडे. आई बरी होतेय म्हणून मी विहिरीवर गाणी म्हणत धूत होते गं! तिलाही थंडी वाजत होती. मी गोधडी घातली.

आई गेली, पण रक्ताला कुणी दोष दिला नाही, सगळे तुला पांढऱ्या पायाची म्हणाले. तूही तेच खरं धरून बसलीस, कधी वाढदिवस करू दिला नाहीस.

यशे, तू आईला खाल्लं नाहीस. तिचं रक्त कुणी थांबवलं नाही, एवढंच झालं.

नातीच्या नाव ठेवायच्या दिवशी तुझाही वाढदिवस करू. लाडू मी पाठवणारच. राग असू दे, पण मला टाकू नकोस.
तुझी ताई